प्रेमलाताईंच्या लोकरीतला वैशाख

देवासच्या ज्या प्रसूतिगृहात माझी दोन्ही बाळंतपणं झाली, तिथे जिन्याखालच्या खोलीत प्रेमलाताई बसायच्या. खोली म्हणजे एक टेबल, एक खिडकी आणि लाकडी घोडीत उभ्या केलेल्या काचेच्या नळ्या. गावात त्यांना कोणी डॉक्टर म्हणत नसे, नर्सही म्हणत नसे. 'वो नीचे वाली बाई, पेशाब जाँचने वाली', एवढीच त्यांची ओळख. थोरामोठ्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, पण या बाईंवर कोणी चार ओळी खरडणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून मीच लिहायला बसले. दुसरं कारण असं, की त्यांनी मला जे दाखवलं ते पाहून माझ्या अंगावर जो काटा आला, तो इतक्या वर्षांनीही आठवणीसरशी पुन्हा उभा राहतो.

ताई कऱ्हाडकडच्या. नवऱ्याला देवासच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून एकोणीसशे बहात्तरला इकडे आल्या. मूलबाळ नव्हतं. घरात बसून काय करायचं म्हणून इंदूरला जाऊन सहा महिन्यांचा तपासणीचा कोर्स केला आणि या कामाला लागल्या. ठेंगणी मूर्ती, जाड भिंगांचा चष्मा, सुती पातळ, आणि खांद्याला बारा महिने लोकरीची पिशवी. बारा महिने म्हणजे खरोखरच बारा महिने. मे महिन्याच्या उकाड्यात लोकर विणत बसलेली बाई पाहून बाकावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मीही हसले आहे, खोटं कशाला बोलू.

त्यांचं काम सांगते, म्हणजे लोकरीचं कोडं उलगडेल. सातव्या महिन्यात प्रत्येक गरोदर बाईची लघवी तपासायची असा तिथला नियम होता. नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि नळी चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर किंचित. पुढे पिवळं, मग नारिंगी, आणि सगळ्यात वाईट विटकरी. रंग ताडून पाहायला भिंतीवर छापील तक्ता होता, पण खिडकीतल्या उन्हाने त्याचे रंग उडून गेले. हिरवा आणि पिवळा सारखेच दिसायला लागले. नवा तक्ता मागवून मागवून ताई थकल्या. शेवटी एका रविवारी इंदूरला गेल्या, ओळखीच्या प्रयोगशाळेतला चांगला तक्ता मागून घेतला आणि तो हातात धरून बाजारातल्या लोकरीच्या दुकानासमोर उभ्या राहिल्या. पाच रंगांच्या पाच लडी जुळवून आणल्या आणि खिळ्याला टांगल्या. दुकानदाराला वाटलं, बाई डोक्यावर परिणाम झालेली आहे.

विणायला सुरुवात झाली ती त्यांच्या स्वभावातून. एखाद्या सकाळी दोन-तीन नळ्या एकदम उभ्या असायच्या, रजिस्टर वरच्या मजल्यावर डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर, आणि तिथे पोचेपर्यंत कोणाची नळी पिवळी आणि कोणाची नारिंगी हे डोक्यात गडबडायचं. म्हणून नळी धुण्याआधी ताई त्या रंगाची एक ओळ विणून टाकत. एका बाईची एक ओळ, रजिस्टरातल्या क्रमाने. महिना बदलला की एक पांढरी ओळ. 'हाताला रंग लक्षात राहतो, पेनाला राहत नाही,' असं त्यांचं म्हणणं. महिना धरायचा तो मात्र आपला, चैत्र-वैशाख. अशी ती चार बोटं रुंद पट्टी सत्त्याहत्तर सालापासून वाढत चालली होती, आणि तिचं पुढे काय करायचं हे ताईंना ठाऊक नव्हतं.

आता माझं सांगते. मी लग्न होऊन आले ती धारच्या घरात. आमच्यांचे पणजोबा तिथल्या दरबारात होते. दरबार केव्हाच संपला, पण आमच्या घरच्या बोलण्यातून तो गेला नव्हता. सासूबाई इंदिराबाईंना सगळं गाव आईसाहेब म्हणे, आणि त्या मला सुनेत्रा न म्हणता सूनबाई आणि आपण म्हणत. रागावल्या म्हणजे मात्र 'आपण' जाऊन 'तू' यायचं. यजमान जयसिंगराव देवासच्या सूतगिरणीत होते. सूत तुटू नये म्हणून कारखान्यातली हवा गार आणि दमट ठेवावी लागते, त्या खात्यात. दिवसातून तीनदा बाहेरच्या आणि आतल्या हवेचं तापमान वहीत टिपायचं, हे त्यांचं काम. आम्ही राहायचो कंपनीच्या क्वार्टरमध्ये, वरच्या मजल्यावर, सिमेंटच्या पत्र्याखाली. दुपारी त्या पत्र्याकडे नुसतं बघितलं तरी डोकं दुखायचं.

ऐंशी साली मी पहिल्यांदा गरोदर राहिले. सातवा महिना वैशाखात आला. तपासणी झाली आणि नळी विटकरी निघाली. गोड काय खाल्लं असं विचारल्यावर मी सरळ सांगितलं, की अक्षय्यतृतीयेला दोन वाट्या आमरस खाल्ला. खरं बोलल्याचं फळ मला लगेच मिळालं. तेव्हापासून तो आमरस माझ्या नावावर कायमचा लागला. जूनच्या अखेरीस मुलगी झाली. अंगाने इतकी मोठी की सुटका होताना अडकली, आणि दोन तास जगली. आईसाहेब पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. 'आमरसाने घालवली,' एवढंच बोलल्या आणि बाहेर गेल्या. त्यानंतर घरात तिचा विषय कोणी काढला नाही. तिचं बारसं झालं नाही, फोटो नव्हता, दवाखान्याच्या कागदावर तिची नोंद नुसती 'स्त्री' अशी होती. मी मनात एक नाव ठेवलं होतं, ते मनातच राहिलं.

ब्याऐंशी साली पुन्हा दिवस गेले. या वेळी मी गुढीपाडव्याच्या श्रीखंडालासुद्धा बोट लावलं नाही. आईसाहेब चैत्रातच धारहून राहायला आल्या, माझी काळजी घ्यायला म्हणे. साखरेचा डबा आणि गुळाची ढेप त्यांनी ट्रंकेत घातली आणि किल्ली कमरेला लावली. मला राग आला, पण त्या रागापेक्षा भीती मोठी होती. त्यांनी कुलूप लावलं नसतं तर मीच लावलं असतं. वैशाखात तपासणीला गेले. प्रेमलाताईंनी नळी दिव्यावरून काढली आणि खिडकीकडे धरली. विटकरी.

डॉक्टर नलिनीबाईंनी वर बोलावलं. आईसाहेब म्हणाल्या, ही लपून खाते. मी शपथ घेतली. जयसिंगराव फरशीकडे बघत राहिले, आणि मला आईसाहेबांच्या शब्दांपेक्षा त्यांचं ते खाली बघणं जास्त लागलं. मी खरं बोलत होते आणि माझंच शरीर माझ्याविरुद्ध साक्ष देत होतं. आपल्याला झोपेत चालून खायची सवय तर नाही ना, इथवर मी स्वतःवर संशय घेतला.

नलिनीबाई मात्र पद्धतशीर बाई. त्यांनी आईसाहेबांनाच सांगितलं, हिला सकाळपासून काय काय देता ते एकेक सांगा. आईसाहेबांनी मोठ्या अभिमानाने यादी सांगितली. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मूग, ताक. शिवाय अंगातली उष्णता कमी व्हावी म्हणून सकाळी दोन चमचे गुलकंद आणि दुपारी कैरीचं पन्हं. नलिनीबाईंनी पेन खाली ठेवलं. गुलकंद म्हणजे अर्धी साखर, असं त्या म्हणाल्या. आईसाहेबांना ते मुळीच पटेना. 'गुलकंद गोडात कुठे येतो? ते औषध,' त्या म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या गुलकंद थंडाव्याच्या औषधांत मोजला गेला होता. मीसुद्धा त्याला गोड म्हणून कधी धरलं नव्हतं आणि शपथ घेताना तो मला आठवलाही नव्हता. साखर कुलपात ठेवून गुलकंद चाटवणारं घर फक्त आमचंच असेल.

गुलकंद बंद, पन्हं बंद. सगळ्यांना हायसं वाटलं, सगळ्यांत जास्त मला. चोर सापडला होता. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणी झाली तर नळी नारिंगी. एक पायरी उतरली, बस. नलिनीबाईंनी रक्त तपासलं, तर रक्तातही साखर जास्तच. थोडे दिवस बघू, नाहीतर इंदूरला भरती होऊन रोज सुया घ्याव्या लागतील, असं त्यांनी सांगितलं. पोटातलं बाळ आठवड्याच्या मानाने मोठं लागतंय, हेही सांगितलं. घरी आल्यावर आईसाहेबांनी ट्रंक उघडून गुळाची ढेप हातात घेऊन पाहिली. ढेप जशीच्या तशी होती. तरी त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, 'पहिली अशीच गेली. आता हेही घालवशील.'

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दार वाजलं. बाहेर प्रेमलाताई. डोक्यावर ओला टॉवेल, खांद्याला पिशवी. त्या कधी कोणा पेशंटच्या घरी जात नसत. पाणी प्यायल्या, दम खाल्ला आणि जयसिंगरावांनाही बोलवा म्हणाल्या. गिरणीत त्यांची दुसरी पाळी होती, म्हणून ते घरातच होते. मग ताईंनी पिशवीतून लोकरीची मोठी गुंडाळी काढली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीपासून सोडायला लागल्या. पट्टी मधल्या खोलीतून गेली, बाहेरच्या खोलीतून गेली आणि गॅलरीच्या उंबऱ्याला लागली. तरी हातात गुंडाळी शिल्लक होती, म्हणून ती वळवून परत आत आणली. वीस-पंचवीस हात सहज असेल. पाच वर्षांतल्या हजाराच्या वर बायका आमच्या फरशीवर ओळीने पडल्या होत्या.

'जवळून बघू नकोस,' ताई मला म्हणाल्या. 'दूर उभी राहा आणि मग बघ.'

मी मागे सरले आणि पाहिलं. पौष-माघात पट्टी जवळजवळ सगळी निळी, मध्ये कुठे एखादी हिरवी. फाल्गुनाच्या पांढऱ्या ओळीनंतर पिवळं दिसायला लागे. चैत्रात ते वाढे. वैशाख-ज्येष्ठात नारिंगी आणि विटकरी ओळी दाट होत. आषाढात त्या विरळ होत, भाद्रपदात पट्टी पुन्हा निळी, आश्विनातल्या उन्हात किंचित पिवळसर, आणि कार्तिकापासून परत निळी. हे एकदा नाही, पाच वेळा. पाच वर्षं, पाचही वेळा तेच. वैशाखातही निळ्या-हिरव्या ओळीच जास्त होत्या आणि पौषातही एखादी विटकरी होती, ती मुळातच साखर असलेल्या बायकांची, असं ताईंनी सांगितलं. पण दुरून बघताना पट्टी तापत होती आणि निवत होती, यात शंकाच नव्हती. कन्नौदकडची शेतकरीण, टेकडीखालची मास्तरीण, गिरणीतल्या बाबूची बायको, या एकमेकींना ओळखतही नव्हत्या. आणि तरी सगळ्या मिळून एकच गोष्ट सांगत होत्या.

ताईंनी कबूल केलं, की हे त्यांना तीन वर्षांपूर्वीच दिसलं होतं. त्यांनी नलिनीबाईंना सांगितलंही. नलिनीबाई म्हणाल्या, उन्हाळ्यात घाम जातो, लघवी घट्ट होते, रंग गडद येतो. शिवाय घरोघरी सरबतं चालू असतात. ते रास्तच होतं. सहा महिन्यांच्या कोर्सवाल्या बाईने पुढे काय बोलायचं, म्हणून ताई गप्प बसल्या. 'ऐंशी साली तुझी नळी मी या हातांनी धुतली,' त्या म्हणाल्या. 'तेव्हापण बोलले नाही. आता मात्र तुझं सगळं बंद आहे, और फिर भी खून में शक्कर है. तू खोटं बोलत नाहीस, सुनेत्रा. हे तू खाल्लेलं नाही. हे उन्हाचं आहे.'

दोन वर्षांत मला कोणी असं म्हटलं नव्हतं. मी तिथेच भिंतीला टेकून रडले.

आईसाहेब आतल्या दारात उभ्या होत्या. लोकरीवरून रोग ओळखायची ही तऱ्हा आपण नव्याने पाहिली, असं त्या तिरकस बोलल्या. जयसिंगरावांचं कोणाकडेच लक्ष नव्हतं. ते एका जागी उकिडवे बसून पट्टी बोटांनी चाचपत होते. तीन वर्षांपूर्वीच्या वैशाखात, नारिंगी-विटकरीच्या गर्दीत मध्येच आठ-नऊ ओळी सलग निळ्या-हिरव्या होत्या, आणि पुढे परत विटकरी. इथे काय झालं होतं, त्यांनी ताईंना विचारलं. ताईंना सांगता येईना. तेव्हा त्यांना वाटलं होतं, की आपलं औषध बिघडलं, म्हणून त्यांनी ती बाटली फेकून नवीन केली होती. चूक आपलीच असणार असं धरून चालणाऱ्यांपैकी त्या होत्या.

जयसिंगरावांनी सदरा चढवला आणि त्या उन्हात सायकल काढली. तासाभराने आले ते घामाने निथळत, कॅरिअरला गिरणीतली तीन वर्षांपूर्वीची तापमानाची वही बांधून. फरशीवर वही उघडली. कुठली ओळ कुठल्या तारखेची, हे ताई रजिस्टरावरून महिनावार कागदांवर उतरवून ठेवत; त्यातला त्या महिन्याचा कागद त्यांनी पिशवीतून काढला. जयसिंगराव तारीख आणि बाहेरच्या तापमानाचा आकडा वाचायचे, आणि ताई त्या दिवसाच्या ओळीवर बोट ठेवायच्या. बेचाळीस, नारिंगी. त्रेचाळीस, विटकरी. बेचाळीस, पिवळी. मग ते थांबले. त्यांच्याच अक्षरात समासात लिहिलं होतं, आभाळ भरलेलं, वारा. एकतीस. तीस. बत्तीस. तसे आठ दिवस. ताईंचं बोट निळ्या आणि हिरव्या ओळींवरून सरकत होतं. नवव्या दिवशी आभाळ उघडलं, आकडा परत एकेचाळीसवर गेला, आणि तीन दिवसांत लोकर विटकरी झाली. त्या आठ दिवसांत कोणी सरबतं सोडली नव्हती. बदललं होतं ते फक्त आभाळ. शेवटचे आकडे वाचताना यांचा आवाज इतका खाली गेला होता, की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

मी काही फार शिकलेली बाई नाही. पण त्या दुपारी मला जे वाटलं, तसं मला कुठल्या देवळातही वाटलेलं नाही. पोटातलं मूल म्हणजे जगापासून सगळ्यात लपलेली जागा, असं मी समजत होते. कातडी, मांस, पाणी, इतक्या आत, इतक्या अंधारात. आणि बाहेर आभाळात ढग आला की आईच्या रक्तातली साखर उतरते, ढग गेला की चढते, आणि ती साखर त्या अंधारातल्या जिवाला पोचते. सूर्य त्याला न बघताही त्याच्यापर्यंत जातो. आणि हे कळलं कोणाला, तर जिन्याखाली बसून नळ्या धुणाऱ्या बाईला आणि गिरणीच्या भिंतीवरचं तापमान टिपणाऱ्या माझ्या नवऱ्याला. दोघांनीही वर्षानुवर्षं आपापलं बिनमहत्त्वाचं काम चोख केलं होतं, आणि ती दोन कामं माझ्या फरशीवर येऊन एकमेकांना भेटली होती. मी हात जोडले ते नक्की कोणाला, ते मला सांगता यायचं नाही.

मग आईसाहेब खाली बसल्या आणि पट्टीकडे बघत म्हणाल्या, 'आमच्या सासूबाईंच्या वेळी गर्भारशीला वैशाखात वाळ्याच्या ताटीआड बसवीत. दोन गडी दिवसभर पाणी मारीत. मला वाटे, हा दरबारी थाट. गडी गेले, तेव्हा मीच ती रीत मोडली.'

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं पट्टी आणि वही घेऊन नलिनीबाईंकडे गेलो. त्यांनी दोन्ही फार वेळ पाहिलं. असं मी कुठे वाचलेलं नाही, एवढ्यावरून हे सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही, हे त्यांनी आधीच स्पष्ट केलं. पण गारव्याने कोणाचं वाईट होत नाही, आहार सांगितला तोच पाळा, बारा दिवसांनी रक्त बघू, आणि नाही उतरली तर इंदूर चुकणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांनी प्रेमलाताईंना बसायला खुर्ची दिली. त्या खोलीत ताईंना खुर्ची मिळालेली मी पहिल्यांदा पाहिली.

जयसिंगरावांनी उज्जैनहून वाळा आणला आणि बांबूच्या चौकटीत ताटी बांधून खिडकीला लावली, मागे टेबलफॅन. प्रश्न पाण्याचा होता. देवासचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना सांगायला नको. नळ एक दिवसाआड यायचा आणि तोही नुसता करंगळीएवढा. आईसाहेबांनी तांदूळ धुतलेलं पाणी साठवलं, भाजी धुतलेलं साठवलं. स्वतःची आंघोळ अर्ध्या बादलीवर आणली. सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत दर अर्ध्या तासाने त्या उठायच्या आणि तांब्याने ताटीवर पाणी सोडायच्या. दोन गड्यांचं काम पासष्ट वर्षांची बाई एकटी करत होती, आणि मी मदतीला उठले की नुसत्या डोळ्यांनी मला परत झोपवायची. यांनी आत एक थर्मामीटर टांगला आणि आकडे पेन्सिलीने भिंतीवर लिहायला लागले. बाहेर त्रेचाळीस, ताटीआड तीस. वाळ्याच्या वासात पडून मी ते आकडे पुन्हा पुन्हा वाचायची आणि पोटावर हात ठेवून आतल्याला सांगायची, बघ, तुझ्यासाठी वैशाख मागे सारलाय.

आठव्या दिवशी नळी पिवळी आली. बाराव्या दिवशी हिरवी. नलिनीबाईंनी रक्त दोनदा तपासलं, कारण पहिल्या आकड्यावर त्यांचा विश्वास बसेना. साखर हद्दीत होती. त्या संध्याकाळी ट्रंकेची किल्ली मला स्वयंपाकघराच्या फळीवर पडलेली दिसली. कमरेवरून ती कधी उतरली, ते आईसाहेबांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. श्रावणात मुलगी झाली. वजन तीन किलोच्या जरा आत, आणि रडणं असं खणखणीत की खालपर्यंत ऐकू गेलं.

पुढे अठ्ठ्याऐंशीपर्यंत ताई तिथेच होत्या. नलिनीबाईंनी सातव्या महिन्याच्या बायकांसाठी खालच्या मजल्यावर वाळ्याची एक खोली केली, पण पट्टीबद्दल कोणी कुठे छापलं नाही, ताईंनाही कोणाला दाखवायची हौस नव्हती. निवृत्त होऊन त्या कऱ्हाडला गेल्या आणि पट्टी त्यांच्याबरोबर गेली. फार वर्षांनी मी वर्तमानपत्रात वाचलं, की परदेशातल्या मोठ्या डॉक्टरांनी लाखो बायकांच्या नोंदी तपासल्या आणि गरमीच्या दिवसांत गरोदरपणातला मधुमेह जास्त आढळतो असं त्यांना दिसलं. तो कागद मी कापून ठेवला आहे. त्यात ताईंचं नाव नाही याचा मला राग येतो, आणि येत राहील.

पण मला सांगायचं होतं ते मुलगी तीन दिवसांची असतानाचं. ताई जिना चढून वर आल्या, पट्टी घेऊन. आईसाहेबांनी बाळ मांडीवर घेतलं होतं. हिची ओळ कुठली, त्यांनी विचारलं. ताईंनी दाखवली. इतर बायकांची एकेक ओळ होती, पण माझ्यासाठी त्यांनी नियम मोडून चार विणल्या होत्या. विटकरी, नारिंगी, पिवळी, हिरवी. आईसाहेबांनी त्या बाळाच्या मुठीला लावून पाहिल्या. मग म्हणाल्या, 'आणि पहिलीची?'

ताईंना ओळी मोजाव्या लागल्या नाहीत. त्यांनी पट्टी मागे उलगडली आणि ऐंशी सालच्या वैशाखात एका विटकरी ओळीवर बोट ठेवलं. त्या मुलीची या जगात उरलेली खूण तेवढीच होती. तिच्या मागेपुढे, थोड्या थोड्या अंतरावर, तशाच ओळी होत्या, दुसऱ्या कोणाकोणाच्या. आईसाहेबांनी त्या सगळ्या पाहिल्या.

'या इतक्या जणींनी काही आमरस खाल्ला नसेल,' त्या म्हणाल्या.

'खाल्लापण असेल, आईसाहेब,' ताई म्हणाल्या. 'पण त्या साली वैशाख फार तापला होता.'

आईसाहेबांनी बाळ माझ्याकडे दिलं. पट्टी दोन्ही हातांत घेतली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, 'सूनबाई, तिचं नाव काय ठेवणार होता आपण?'

मी सांगितलं, पार्वती. आईसाहेबांनी त्या विटकरी ओळीवरून हळूहळू बोट फिरवलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या मुलीला नावाने हाक मारली.